उंदीर कोणता, ताप कोणता?

कान्हे फाट्यावरून आत वळून इंद्रायणीचा पूल ओलांडला की टाकवे बुद्रुक लागते. आता या बाजूला कारखाने आले असले, तरी आंदर मावळ अजून भाताचाच मुलूख आहे. दिवाळीच्या सुमारास कापणी होते, खळ्यावर झोडपणी होते, पेंढ्याच्या गंज्या उभ्या राहतात आणि दाणा घरात येतो. दाण्यामागोमाग उंदीरही घरात येतो.

अशाच दिवसांत त्या भागातल्या काही शिक्षकांशी गप्पा मारण्याचा योग आला. एक बाई म्हणाल्या, "सर, सुट्टीनंतर आम्ही पोषण आहाराच्या तांदळाची खोली उघडली. दोन पोती कुरतडलेली, कोपऱ्यात लेंड्यांचा सडा. सातवीच्या मुलांनी हौसेनं झाडून काढली, धुरळा नुसता बाहेरपर्यंत आला. मग मला तो मोबाइलवर फिरलेला मजकूर आठवला, चीनमधल्या उंदराच्या तापाचा. आपल्याकडच्या उंदरात असतो का हो तो विषाणू?"

बाईंना आठवत होती ती बातमी मार्च २०२० मधली. चीनच्या युनान प्रांतातला एक कामगार बसच्या प्रवासात मरण पावला आणि तपासणीत त्याला हांटा विषाणूची लागण झाल्याचे आढळले. करोनाने आधीच सगळे धास्तावलेले. त्यात ‘आता चीनमधून आणखी एक नवा विषाणू’ म्हणून ती बातमी आपल्याकडे भराभर फिरली. प्रत्यक्षात त्यात नवे काहीच नव्हते. या विषाणूचा शोध लागून तेव्हा चाळीस वर्षे उलटून गेली होती.

बाईंच्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देणे सोपे होते, पण ते खरे उत्तर झाले नसते. कारण ‘उंदीर’ हा एक प्राणी नाही आणि ‘उंदराचा ताप’ हा एक रोग नाही. या विषयावरचे जवळजवळ सगळे संशोधन एकाच प्रश्नाभोवती फिरत आले आहे: उंदीर नेमका कोणता?

आधी रोगाविषयी. काही विषाणूंच्या लागणीत ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे अशी सुरुवात होते. मग केशवाहिन्यांच्या भिंती गळक्या होतात, रक्तातला द्रव आजूबाजूच्या पेशीजालात झिरपतो, रक्तबिंबिका (प्लेटलेट्स) कमी होतात, रक्तदाब कोसळतो. हिरड्यांतून, आतड्यांतून, त्वचेखाली रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून या गटाला रक्तस्रावी ताप म्हणतात. रुग्ण दगावतो तो बहुधा बाहेर वाहिलेल्या रक्तामुळे नव्हे, तर या आतल्या गळतीमुळे आणि मूत्रपिंडांसारखी इंद्रिये बंद पडल्यामुळे. डेंग्यूचा गंभीर प्रकार आपल्या परिचयाचा आहे. तोही याच जातीचा, पण तो डासांमार्फत येतो. उंदरांकडून येणारे रक्तस्रावी ताप मुख्यतः दोन विषाणुकुळांतले आहेत: एक अरेना विषाणूंचे आणि दुसरे हांटा विषाणूंचे.

या दोन्ही कुळांना मध्यस्थ कीटक लागत नाही. ही गोष्ट विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यासारखी आहे, कारण उंदरांमुळे होणारे आपल्या माहितीचे दोन रोग वेगळ्या वाटेने येतात. प्लेगचा जिवाणू उंदराच्या अंगावरच्या पिसवेतून माणसात येतो. लेप्टोस्पायरोसिसचा नागमोडी जिवाणू उंदराच्या मुतातून पाण्यात उतरतो आणि चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या पायावरच्या जखमेतून आत शिरतो. २००५ च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबईने तो अनुभवला, आणि आवणीच्या दिवसांत खाचरात राबणाऱ्या मावळातल्या शेतकऱ्याने पहिली काळजी करायची ती त्याचीच. हांटा आणि अरेना विषाणूंची मुख्य वाट मात्र हवेची आहे. उंदराचे मूत, लेंड्या, लाळ वाळते, तिची धूळ होते, आणि ती श्वासाबरोबर आपल्या फुफ्फुसात जाते. बंद खोली, वाळलेल्या लेंड्या आणि जोरात फिरणारा खराटा, हे तिन्ही एकत्र आले की धोक्याची तयारी पूर्ण होते.

मग उंदीर स्वतः का मरत नाही? विषाणू आणि त्याचा उंदीर यांची सोबत फार जुनी आहे. उंदराच्या शरीरात विषाणू महिनोन्‌महिने, काही वेळा जन्मभर राहतो, मुतावाटे बाहेर पडत राहतो, आणि उंदीर खातो-पितो, पिले घालतो. विषाणूच्या दृष्टीने हेच सोयीचे. प्रत्येक विषाणू सहसा एका विशिष्ट जातीच्या उंदराला धरून असतो. माणूस या संसारात आगंतुक आहे. बहुतेक हांटा विषाणू माणसात आले की तिथेच त्यांची वाट संपते. पुढच्या माणसाकडे ते जात नाहीत. (दक्षिण अमेरिकेतला अँडीज विषाणू याला अपवाद आहे, आणि आफ्रिकेतला लासा हा अरेना विषाणूही रुग्णाकडून शुश्रूषा करणाऱ्याकडे जातो.)

या गोष्टी पुस्तकात बसून कळल्या नाहीत. त्यातला बोलिव्हियाचा भाग मला नेहमी विस्ताराने सांगावासा वाटतो.

दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियाच्या सखल गवताळ प्रदेशात सान होआकिन नावाचे छोटे गाव आहे. १९६२ ते १९६४ या काळात या गावावर एका तापाने घाला घातला. काही हजार वस्तीच्या गावात सहाशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि शंभराहून अधिक दगावली. पनामातल्या अमेरिकी संशोधन केंद्रातून कार्ल जॉन्सन, रॉन मॅकेन्झी आणि मर्ल कुन्स हे तिघे तिथे गेले. पहिला संशय अर्थातच डास, गोचीड अशा चावणाऱ्या जिवांवर होता. तपास करता करता जॉन्सन आणि मॅकेन्झी स्वतःच त्या तापाने आजारी पडले आणि जेमतेम वाचले. १९६३ मध्ये एका मृत रुग्णाच्या प्लीहेतून विषाणू वेगळा करण्यात आला. जवळच्या नदीवरून त्याला माचुपो हे नाव मिळाले.

पण तो राहतो कुठे? कुन्स प्राणिशास्त्राचा माणूस. त्याने घराघरांतून उंदीर पकडले. एरवी गवतात राहणारा कॅलोमिस नावाचा छोटा उंदीर आता घरांत सुळसुळाटाने फिरत होता, आणि विषाणू त्याच्या शरीरात सापडला, मुतातही सापडला. रानातला उंदीर घरात का आला? गावात मांजरे जवळजवळ उरली नव्हती. मलेरियाच्या मोहिमेत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले होते. भिंतींना अंग घासून मग ते चाटणारी मांजरे त्याने मेली असावीत, असा तेव्हाच्या तपासणाऱ्यांचा निष्कर्ष होता. मांजर गेले, उंदीर आला, आणि उंदराबरोबर त्याचा जुना सोबती आला. १९६४ मध्ये गावभर सापळे लावून कॅलोमिस पकडण्याची मोहीम घेतली तेव्हा नवे रुग्ण येणे थांबत गेले. औषध नाही, लस नाही, केवळ सापळे. रोगाचा पुरावा आणि रोगाचा उपाय एकाच सापळ्यात सापडल्याची उदाहरणे विज्ञानात फार नाहीत.

आपल्याकडेही याच्याशी मिळतीजुळती घटना घडली आहे, जरी तो रोग विषाणूचा नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात अनेक गावांची माणसे भीतीने घराबाहेर, झोपड्यांत राहू लागली. बीड जिल्ह्यातल्या मामला या गावातही तेच झाले. बंद घरांत धान्य तसेच राहिले आणि उंदरांना मोकळे रान मिळाले. १९९४ च्या ऑगस्टमध्ये तिथे आधी पिसवांचा उपद्रव सुरू झाला, उंदीर मरून पडू लागले, आणि मग गाठीच्या प्लेगचे रुग्ण दिसू लागले. भूकंप आणि प्लेग यांचा संबंध विद्यार्थ्यांना विचारून पाहा. मधला दुवा धान्याचा आहे, हे कुणीतरी हुशार मूल नक्की सांगेल.

सान होआकिनमध्ये विषाणू आधी सापडला, उंदीर नंतर. कोरियात हा क्रम उलटा झाला. १९५१ पासून कोरियाच्या युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतील तीन हजारांहून अधिक सैनिक एका विचित्र तापाने आजारी पडले. मूत्रपिंडे निकामी होत, रक्तस्राव होई. युद्ध संपले, शास्त्रज्ञांनी पुष्कळ शोधाशोध केली, पण रोगकारक हाती लागेना. पंचवीस वर्षांनी, १९७६ मध्ये, हो वांग ली या कोरियन विषाणुशास्त्रज्ञाला वाट सापडली. त्यांची युक्ती मोठी सुंदर होती. या तापातून बरा झालेल्या माणसाच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे असणार. विषाणू आपल्याला ओळखू येत नसेल, पण प्रतिपिंडे त्याला ओळखतात! लींनी शेतातले पट्टेरी पाठीचे उंदीर पकडले, त्यांच्या इंद्रियांचे पातळ काप केले, त्यांवर बऱ्या झालेल्या रुग्णांचा रक्तद्रव सोडला आणि मग प्रतिपिंडांना चिकटणारे चकाकणारे रंगद्रव्य घातले. उंदराच्या फुफ्फुसाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली चकाकले. माणसातला रोग मूत्रपिंडाचा, पण खूण सापडली ती उंदराच्या फुफ्फुसात. १९७८ मध्ये प्रत्यक्ष विषाणू वेगळा केल्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत लींच्या बरोबर सान होआकिनचे तेच कार्ल जॉन्सन होते. तिथल्या हांतान नदीवरून या विषाणूला हांटान हे नाव मिळाले आणि पुढे साऱ्या कुळाला हांटा. पुढे लींच्याच गटाला सोल शहरातल्या उंदरांत याचा भाऊ सापडला. गटारात राहणारा तो मोठा तपकिरी उंदीर जहाजांतून जगभर गेलेला आहे आणि सोल विषाणूही त्याच्याबरोबर जगभरच्या बंदरांत पोचला आहे.

१९९३ मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटी भागात तरुण, धडधाकट माणसे फुफ्फुसात पाणी भरून मरू लागली तेव्हा गुन्हेगार काही आठवड्यांतच सापडला: हांटा कुळातलाच विषाणू, हरिणउंदीर नावाच्या छोट्या उंदरातला. त्याआधीच्या काळात तिथे चांगला पाऊस झाला होता, रानमेवा भरपूर आला होता आणि उंदरांची संख्या अनेक पटींनी वाढली होती. पंचवीस वर्षांच्या शोधाचे अंतर आता आठवड्यांवर आले होते, कारण काय शोधायचे आणि कुठे शोधायचे हे ठाऊक झाले होते.

आता आपल्याकडे येऊ. इथे एक मजेशीर, आणि मला वाटते थोडी चुटपूट लावणारी हकिकत आहे.

पुण्यात १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. तीच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. टाकव्याहून ती काही फार लांब नाही. १९६४ मध्ये तामिळनाडूतल्या वेल्लोर इथे जपानी मेंदूज्वराच्या पाहणीसाठी प्राणी पकडले जात होते. थोट्टापालयम या भागात पकडलेल्या एका चिचुंद्रीच्या शरीरातून एक अनोळखी विषाणू मिळाला. पाहणी डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूची असल्याने हाही कीटकांमार्फत पसरणारा असावा, असा समज झाला. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या शीर्षकातही तसेच म्हटले होते. विषाणूला थोट्टापालयम हे नाव मिळाले आणि तो संग्रहात जाऊन बसला. १९८० च्या दशकात जेव्हा त्याची पुन्हा तपासणी झाली तेव्हा कळले की हा हांटा कुळातला आहे. म्हणजे हांटान विषाणू कोरियात वेगळा होण्याच्या बारा-चौदा वर्षे आधीच त्या कुळातला एक विषाणू भारतात बाटलीबंद झालेला होता! २००७ मध्ये पुण्याच्या संस्थेतील डॉ. प्रज्ञा यादव आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी त्याची जनुकीय रचना तपासली, तेव्हा तो उंदरांतल्या हांटा विषाणूंपासून बराच दूरचा निघाला.

आणि तसेच असायला हवे होते, कारण चिचुंद्री मुळात उंदीर नाहीच. वर्गात हे जरूर सांगा. उंदीर, घूस, खार हे कृंतक, म्हणजे कुरतडणारे प्राणी. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. चिचुंद्री कीटक खाणारी, लांब निमुळत्या तोंडाची, बारीक टोकदार दातांची. धान्याच्या कोठीत ती दिसली तर धान्यापेक्षा झुरळांसाठी आलेली असण्याचा संभव अधिक. थोट्टापालयम विषाणूमुळे माणसाला रोग झाल्याचे उदाहरण नोंदलेले नाही, तेव्हा तिच्यामागे लागण्याचे कारण नाही. पण तिच्यामुळे एक समजूत मोडली. हांटा विषाणू फक्त कृंतकांत असतात असे मानले जात होते; पुढे ते जगभर अनेक जातींच्या चिचुंद्र्यांत, बिळात राहणाऱ्या इतर कीटकभक्षी प्राण्यांत आणि वटवाघळांतही सापडले.

मराठी मुलखात प्रत्यक्ष शिरलेला रक्तस्रावी ताप मात्र दुसराच आहे. १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाजवळ माकडे मरून पडू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. पुण्याचे केंद्र अवघे पाच वर्षांचे होते. त्यातल्या शास्त्रज्ञांनी तिथे जाऊन त्याच वर्षी विषाणू वेगळा केला. आधी पीतज्वराची शंका होती, ती खोटी ठरली. हा विषाणू गोचिडीतून येतो. माकड त्याने मरते म्हणून लोक याला माकडताप म्हणतात. पण माकडाइतक्याच महत्त्वाच्या भूमिका रानउंदीर, खार आणि पुन्हा आपली चिचुंद्री यांच्या आहेत. गोचिडीची पिल्ले या छोट्या प्राण्यांच्या अंगावर वाढतात, आणि विषाणू या प्राण्यांतही आढळला आहे. २०१५ मध्ये हा ताप गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आला. काजूच्या हंगामात बागांत आणि रानात जाणाऱ्या माणसांना त्याचा अधिक धोका असतो. इथे उंदराच्या लेंड्यांचा प्रश्न नाही, पालापाचोळ्यातल्या गोचिडीचा आहे. म्हणजे पुन्हा तोच मुद्दा: ताप रक्तस्रावी, साखळीत उंदीर आहे, पण वाट निराळी आणि म्हणून सावधगिरीही निराळी.

मग टाकव्याच्या बाईंना काय सांगायचे? मी त्यांना आधी उंदरांची यादी करायला लावली. बोलिव्हियाचा कॅलोमिस मावळात नाही. लासा तापाचा आफ्रिकी उंदीर नाही. कोरियाचा पट्टेरी पाठीचा उंदीर नाही. भाताच्या बांधात बिळे पाडून लोंब्यांचा साठा करतो तो लहान घुशीसारखा उंदीर शास्त्रज्ञांना बॅन्डिकोटा बेंगालेन्सिस म्हणून माहीत आहे. घरात काळा उंदीर आणि छोटी उंदरी. मोठी घूस गटारापाशी. या यादीत बाईंपेक्षा अधिक जाणकार कोण, तर भातकापणीनंतर बांधावरची बिळे खणून उंदीर आणि त्यांनी साठवलेल्या लोंब्या काढणारे कातकरी. कोणत्या बिळात कोण, हे ते माती पाहून सांगतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी २००५ आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहण्यांत दक्षिण भारतातल्या काही माणसांच्या रक्तात हांटा विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. तपासलेल्यांत तापाचे आणि मूत्रपिंडाचे रुग्ण होते, गोदामात काम करणारे होते, आणि उंदीर पकडणारे इरुळ आदिवासीही होते. प्रतिपिंडे आढळली याचा अर्थ या विषाणूशी किंवा त्याच्या एखाद्या नातलगाशी कधीतरी गाठ पडली होती, एवढाच. रोग झाला होता असा नव्हे.

एखाद्या गावच्या उंदरांत विषाणू आहे का, हे ठरवायचे तर रीत तीच: सापळे लावायचे, प्रत्येक उंदराची जात ओळखायची, रक्त आणि फुफ्फुसाचे नमुने घ्यायचे, ते गोठवून प्रयोगशाळेत न्यायचे. हे काम हातमोजे, मुखपट्टी आणि प्रशिक्षण असलेल्या माणसांचे आहे. शाळेचा प्रकल्प म्हणून उंदीर पकडायला मुलांना कृपा करून लावू नका. मुलांनी मोजायच्या त्या लेंड्याही लांबूनच.

तांदळाच्या खोलीसाठी मात्र प्रयोगशाळेच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही, कारण लेप्टोस्पायरोसिस असो वा हांटा, काळजी बरीचशी सारखी आहे. खोली उघडली की दारे-खिडक्या उघड्या टाकून निदान अर्धा तास बाहेर थांबावे. कोरडे झाडू नये. लेंड्यांवर ब्लीचिंगचे पाणी किंवा दुसरे जंतुनाशक ओतून पाचेक मिनिटे भिजू द्यावे, मग हातमोजे घालून, नाकातोंडाला मुखपट्टी बांधून ओल्या फडक्याने पुसून घ्यावे आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे. हे काम मोठ्या माणसाने करावे. कुरतडलेल्या पोत्यातला तांदूळ शिजवू नये. अशी खोली साफ केल्यानंतरच्या काही आठवड्यांत कुणाला जोराचा ताप आला तर डॉक्टरांना उंदरांचा उल्लेख आवर्जून करावा. बरेचदा रुग्ण ही गोष्ट सांगतच नाही, आणि डॉक्टरांच्या मनात मलेरिया-डेंग्यूच असतो. आणि शेतात धामण दिसली तर तिला मारू नये, वर्षभरात ती किती उंदीर खाते याचा हिशेब मुलांना मांडायला सांगावा.

बाईंनी हे सगळे वहीत लिहून घेतले. मग विचारले, "पण सर, ते आत येतात कुठून? दार तर घट्ट लागतं." मी त्यांना पेन्सिल मागितली. छोट्या उंदरीला आत शिरायला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते. आम्ही ती पेन्सिल दाराखालून सरकवली, ती सहज आत गेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वर्गातली मुले पेन्सिली घेऊन शाळेच्या सगळ्या दारांपुढे पालथी पडली होती. सात फटी सापडल्या. त्यांतल्या सहांवर आता पत्रा ठोकला आहे. सातवी मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दाराखालची आहे.